फ्रंट लोड मशीनचा कुबट वास: पावडर टाकण्याआधी

धुतलेला टॉवेल वाळल्यावर ठीक वाटतो. अंघोळ करून अंग पुसायला घेतला, जरासा ओला झाला, की त्याला ओल्या फडक्यासारखा कुबट वास सुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-ठाण्यात, रत्नागिरीत, पणजीत ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते की लोक ती पावसाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. मग साबण बदलला जातो, कम्फर्टचं एक झाकण वाढतं, कुणीतरी सांगतं म्हणून डिस्केलिंग पावडरचं पाकीट घरात येतं. आठ दिवस बरे जातात आणि वास परत येतो. पावसाचा यात हात आहेच, पण वासाचा मुक्काम मशीनमध्ये असतो. तो नेमका कुठे आहे हे न शोधता काहीही ओतलं तर पैसे वाया जातात आणि मशीनचंही नुकसान होऊ शकतं.

म्हणून सुरुवात नाकाने करा. रात्रभर मशीनचं दार लावून ठेवा आणि सकाळी, काहीही धुण्याआधी, एकेका जागी वास घ्या. आधी दाराच्या रबराच्या घडीपाशी. मग साबणाचा ट्रे पूर्ण बाहेर ओढून त्याच्या पोकळीत. मग खालच्या कोपऱ्यातल्या फिल्टरच्या झाकणापाशी. शेवटी सांडपाण्याचा पाइप जिथे जातो तिथे. वासाची जातही ओळखून ठेवा. कोंदट, ओल्या फडक्याचा वास आतला असतो. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर तो बहुधा मशीनचा नसतो, गटाराचा असतो, आणि त्यावर ड्रममध्ये टाकलेली कुठलीच पावडर चालणार नाही.

हा गटाराचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण तो सोपा आहे आणि हमखास विसरला जातो. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये मशीन ड्राय बाल्कनीत किंवा बाथरूमच्या कोपऱ्यात असतं आणि त्याचा पाइप जमिनीवरच्या जाळीत सोडलेला असतो. जाळीखाली असतो तो, प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात कायम थोडं पाणी साठलेलं असतं आणि तेच पाणी खालच्या गटाराची हवा वर येऊ देत नाही. ड्राय बाल्कनीतल्या ट्रॅपमध्ये अंघोळीचं पाणी रोज जात नाही. काही दिवस मशीन लागलं नाही, त्यात उन्हाळा असला, की ते पाणी सुकतं आणि वास सरळ वर येतो. जाळीत अर्धी बादली पाणी ओता, तासाभराने पुन्हा वास घेऊन पाहा. वास गेला असेल तर कारण सापडलं. मग पाइपाभोवतीची फट रबरी बुचाने बंद करून घ्या आणि मशीन लागणार नसेल त्या दिवशीही तिथे थोडं पाणी ओतत चला.

पाइपाचं टोक जाळीत फार खोल खुपसलेलं असेल तर ते घाण पाण्यात बुडून राहतं आणि तो वास पाइपातून मशीनमध्ये शिरतो. टोक वर ओढून घ्या. पाइप जमिनीवर नुसता आडवा टाकलेला असणंही बरोबर नाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत तो जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवरून वळवून घ्यायला सांगितलेलं असतं. त्याहून खाली ठेवला तर मशीन भरत असतानाच पाणी आपोआप वाहून जाऊ शकतं आणि कपडे अपुऱ्या पाण्यात धुतले जातात. मशीनसोबत इंग्रजी यू अक्षरासारखी प्लास्टिकची कमान मिळते ती यासाठीच. बऱ्याच घरांत ती पिशवीतून बाहेरही आलेली नसते.

वास तयार कसा होतो

आता आतला वास. फ्रंट लोड मशीन कमी पाण्यात धुतं, हा त्याचा गुण आहे. पण कमी पाणी म्हणजे साबण आणि मळ वाहून न्यायलाही कमी पाणी. शिवाय त्याचं दार पाण्याचा थेंब बाहेर जाऊ नये असं घट्ट बसवलेलं असतं, त्यामुळे आत राहिलेली ओल बाहेर पडत नाही. टॉप लोडचं झाकण इतकं घट्ट नसतं आणि त्यात पाणीही जास्त घेतलं जातं, म्हणून तिथे ही तक्रार कमी येते.

आपल्याला दिसतो तो स्टीलचा चकचकीत ड्रम. त्याच्या बाहेरून प्लास्टिकचा एक मोठा टब असतो, आणि तो कधीच दिसत नाही. ड्रमच्या पाठीमागे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, बहुधा तीन पायांचा आधार असतो. तंत्रज्ञ त्याला स्पायडर म्हणतात. त्या टबाच्या भिंतींवर आणि स्पायडरच्या खाचांमध्ये न विरघळलेला साबण, कम्फर्टचा मेणचट थर, अंगाचं तेल, उशीच्या अभ्र्यांतून आलेलं केसांचं खोबरेल आणि कपड्यांचे सुटे तंतू यांचं किटण चढत जातं. त्यावर जिवाणू वस्ती करतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. मोरीच्या कोपऱ्यात हाताला लागतो तो बुळबुळीत थर याच जातीचा. या आवरणाखाली जिवाणू साध्या गार पाण्याच्या धुण्यातून आरामात तगून राहतात, आणि दर धुण्याला त्यातले काही कपड्यांवर उतरतात.

जपानी संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कपड्यांच्या या ओल्या फडक्यासारख्या वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं दाखवून दिलं. तो कपड्यात उरलेल्या मळातून एक मेदाम्ल तयार करतो, त्याचा हा वास. हा जिवाणू कोरडेपणा आणि अतिनील किरण बऱ्यापैकी सोसतो. टॉवेल उन्हात वाळवल्यावर वास गेल्यासारखा वाटतो आणि ओला झाला की परत येतो, त्याचं कारण इथे आहे. वाळवल्याने जिवाणूंचं काम थांबतं. ते सगळेच मरत नाहीत. पाणी मिळालं की पुन्हा सुरू. त्यामुळे दोरीवर कितीही वेळ ठेवलं तरी मशीनमधला थर निघेपर्यंत कपड्यांचा वास मुळातून जात नाही.

पावडर कोणती, हा प्रश्न कशावर अवलंबून आहे

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डिस्केलिंग पावडरी आम्लधर्मी असतात. त्यांचं काम पाण्यातल्या क्षारांचा पांढरा, टणक थर विरघळवणं. बायोफिल्म म्हणजे क्षार नव्हे. ती तेल, साबण आणि जिवाणूंची बनलेली असते आणि ती काढायला हवं गरम पाणी आणि ऑक्सिजन सोडणारं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. दोन वेगळे थर, दोन वेगळी औषधं. वास येतो म्हणून निव्वळ डिस्केल टाकणाऱ्याला बहुतेक वेळा पूर्ण गुण येत नाही आणि मग तो मशीनलाच नावं ठेवतो.

सोडियम परकार्बोनेट ही पांढरी दाणेदार पावडर असते. पाण्यात पडली की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा मोकळा होतो. गार पाण्यात तिचा जोर फारच कमी. 40 अंशांच्या वर ती कामाला लागते आणि 60 अंशांना चांगली चालते. व्हॅनिशसारख्या डाग काढायच्या पावडरींत ती असते, पण त्यांत फेस करणारे पदार्थही असतात. मशीनसाठी नुसतं परकार्बोनेट मिळालं तर उत्तम. ऑनलाइन सहज मिळतं. डबा कोरड्या जागी ठेवा, आत ओला चमचा घालू नका आणि तिचं पाण्यातलं मिश्रण कधीही झाकणबंद बाटलीत भरून ठेवू नका. त्यातून सतत वायू सुटतो आणि बाटली फुटू शकते.

क्षारांचं औषध म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्व किंवा लिंबूफूल म्हणून मिळतं ते. तुम्हाला ते लागतं का, हे तुमच्या पाण्यावर ठरतं. मुंबईत तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी येतं. ते मृदू आहे. तिथे क्षारांचा थर फारसा चढत नाही आणि दर महिन्याला डिस्केल टाकण्याचा आग्रह अनाठायी आहे. पुण्याच्या उपनगरांत, मराठवाड्यात, जिथे जिथे बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरावं लागतं, तिथे गोष्ट वेगळी. बेसॉल्ट खडकातून उपसलेलं पाणी बहुधा जड असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, नळाच्या तोटीवर पांढरे थर बसतात, अंघोळीच्या साबणाला फेस न येता दह्यासारख्या कण्या दिसतात, ते पाणी जड समजा. अशा घरात दोन्ही औषधं लागतील, पण वेगवेगळ्या दिवशी.

सफाई कशी करायची

क्रम महत्त्वाचा आहे. फिल्टरमध्ये महिनोनमहिने कुजलेला गाळ ठेवून वर गरम पाण्याचं चक्र फिरवलं तर ती घाण आतच राहते. म्हणून आधी हाताने निघेल ते सगळं काढायचं आणि मग पावडर.

फिल्टरपासून सुरू करा. मशीन बंद करून प्लग काढा, नळ बंद करा. नुकतंच गरम धुणं झालं असेल तर पाणी गार होईपर्यंत थांबा, हात भाजेल. खालचं छोटं झाकण उघडा. आत गोल फिरकीचा फिल्टर आणि बहुधा त्याच्या शेजारी एक बारीक नळी असते. खाली पसरट थाळी आणि जुनं फडकं ठेवा, नळीचं बूच काढून पाणी येऊ द्या, थाळी भरली की बूच लावून ती रिकामी करा, पुन्हा लावा. एक-दोन लिटर पाणी निघणं अगदी नेहमीचं आहे. धार थांबली की फिल्टर फिरवून बाहेर ओढा. नाणी, पिना, केस, कागदाचा लगदा, करगोट्याचा तुकडा, काय वाट्टेल ते निघेल, आणि जो वास येईल त्यावरून कळेल की आतापर्यंत आपण कशावर सुगंध शिंपडत होतो. फिल्टर ब्रशने घासून धुवा. तो जिथे बसतो त्या पोकळीत बॅटरी मारून पाहा. आत पंपाची पाती दिसतात. त्यांच्याभोवती गुंडाळलेले केस हलक्या हाताने काढा. परत बसवताना फिल्टर घट्ट आवळा, नाहीतर पुढच्या धुण्याला जमिनीवर पाणी.

मग दाराचं रबर. याची घडी दोन बोटांनी उलटून खालच्या बाजूला पाहा. सहा वाजण्याच्या काट्याच्या जागी पाणी, तंतू आणि केसांचा काळपट गोळा साठलेला असतो. बहुतेक रबरांना तिथे पाणी टबात परत जाण्यासाठी बारीक भोकं असतात. ती बुजली की घडीत डबकं होतं. जुन्या दात घासायच्या ब्रशने भोकं मोकळी करा. सुई, स्क्रूड्रायव्हर, टोकदार काहीही वापरू नका, रबर फाटलं तर गळती सुरू होते. चिकट थर भांडी घासायच्या साबणाने आणि गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने निघतो. काळे ठिपके हे बुरशीचे असतात. ते वरवर असतील तर परकार्बोनेटची गरम पाण्यात कालवलेली पातळ लापशी फडक्यावर घेऊन घडीत अर्धा तास दाबून ठेवावी आणि मग पुसून घ्यावी. हातात मोजे घाला, ती कातडीला झोंबते. बुरशी रबराच्या आत मुरली असेल तर ठिपके फिके होतील, जाणार नाहीत. वास नसेल तर त्या डागांकडे दुर्लक्ष केलेलं चालेल. रबर मऊ-चिकट झालं असेल, चिरलं असेल किंवा घासूनही वास येत असेल तर ते बदलावं लागतं.

साबणाचा ट्रे पूर्ण बाहेर येतो. मधल्या खणात दाबायची एक खूण असते, ती दाबून ओढा. कम्फर्टच्या खणातली छोटी टोपी वेगळी निघते. तिच्याखाली निळसर-पांढरा चिकट गाळ असतोच. ट्रे गरम पाण्यात भिजत घाला. खरी जागा मात्र ट्रेमागची पोकळी आहे. तिच्या छताला पाणी पडण्याची भोकं असतात आणि त्या छतावर बुरशी वाढते. ट्रे लखलखीत करून परत काळ्या छताखाली बसवण्यात अर्थ नाही. लांब दांड्याचा ब्रश घेऊन ते छत घासा आणि ओल्या फडक्याने पुसा.

आता गरम चक्र. ड्रम रिकामा. शंभर ग्रॅम परकार्बोनेट ट्रेमध्ये न घालता थेट ड्रममध्ये टाका. मशीनमध्ये टब क्लीन किंवा ड्रम क्लीन असेल तर ते लावा. नसेल तर सुती कपड्यांचा सगळ्यात लांब प्रोग्राम, 60 अंशांवर. 90 अंशांची सोय असेल आणि वास जुना असेल तर पहिल्यांदा 90. तास-सव्वा तासाने काचेकडे पाहा. साबण टाकलेला नसतानाही भरपूर फेस दिसला तर तो टबात आजवर साठलेला साबण आहे. पाणी करडं होईल, काळ्या-तपकिरी खपल्या तरंगतील. घाबरू नका, तेच निघायला हवं होतं. खपल्या येत असतील तर चक्र संपल्यावर फिल्टर पुन्हा धुवा, रबर पुसा आणि तेच चक्र परत करा. बरेच दिवस साफ न केलेल्या मशीनला दोन-तीन फेऱ्या लागतात. पहिल्याच फेरीनंतर पांढरे कपडे टाकू नका, सुटलेल्या खपल्या त्यांना चिकटतात.

विजेची काळजी अनेकांना वाटते. 15 लिटर पाणी 27 अंशांवरून 60 पर्यंत तापवायला जेमतेम 0.6 युनिट लागतं. टबाचं, ड्रमचं तापणं धरून थोडं जास्त. महिन्यातून एकदा हा खर्च करण्यासारखा आहे. हीटर साधारण दोन किलोवॉटचा असतो, म्हणून मशीन 16 अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच हवं. जुन्या इमारतीत एक्स्टेन्शन बोर्डवरून गरम चक्र लावणं धोक्याचं आहे.

जड पाण्याच्या घरात दुसऱ्या दिवशी सायट्रिक ॲसिडचं चक्र लावा: शंभर ग्रॅम, 40 अंश, रिकामा ड्रम. हे नंतर करायचं कारण असं की तेलकट थर निघाल्यावर आम्ल क्षारांपर्यंत नीट पोचतं. मशीनच्या कंपनीची पावडर घेतली तर तिच्या पाकिटावरचं प्रमाण पाळा.

काय टाकू नये

सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकण्याचा उपाय फार पसरला आहे. ते बुडबुडे पाहून समाधान वाटतं, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ खारट पाणी. नुसतं व्हिनेगर एखाद्या वेळी चालेल, दर आठवड्याला नको; वारंवार वापराने रबर खराब होऊ शकतं. फिनेल मशीनमध्ये कधीही नाही. डांबरगोळी ड्रममध्ये टाकून ठेवल्याने दोन वास एकत्र येतात, इतकंच.

क्लोरीनचं ब्लीच, म्हणजे साधं पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच, याबद्दल मी काटेकोर आहे. पुस्तिकेत ते चालेल असं स्पष्ट लिहिलं असेल तरच, आणि तितकंच. ते धातूला आणि रबराला खातं. आणि ते लिंबूसत्व, व्हिनेगर, डिस्केलिंग पावडर किंवा बाथरूमच्या ॲसिडबरोबर कधीही एकत्र येता कामा नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. घरात कामाला येणाऱ्या ताईंनाही हे नीट सांगून ठेवा. एका दिवशी एकच रसायन.

वास पुन्हा येऊ नये म्हणून

साबण कमी करा. मला विचाराल तर अर्ध्याहून अधिक घरांमध्ये हे एवढं केलं तरी फरक पडेल. हाताने धुवायची फेसाळ पावडर फ्रंट लोडमध्ये चालतच नाही. फेसाची गादी तयार होऊन कपडे आपटत नाहीत आणि तो फेस खळबळून पूर्ण निघत नाही. फ्रंट लोडसाठीची मॅटिक पावडर किंवा लिक्विड घ्या आणि पाकिटावरचं प्रमाण कपड्यांच्या वजनाप्रमाणे मोजून घाला. मृदू पाण्यात त्याहून थोडं कमी पुरतं. शेवटच्या खळबळण्यात काचेवर फेस दिसत असेल तर साबण जास्त होतोय. कपडे बाहेर काढल्यावर फार सुगंधी लागत असतील तर तीही खूणच. कम्फर्ट शक्यतो सोडा. टॉवेलला तर अजिबात नको, त्याने टॉवेल पाणी टिपेनासा होतो आणि टबात मेणचट थर चढतो.

रोजच्या 15 मिनिटांच्या, 30 अंशांच्या प्रोग्रामवर सगळं धुणं काढू नये. ऑफिसच्या हलक्या कपड्यांना तो ठीक आहे. टॉवेल, उशीचे अभ्रे, चादरी, स्वयंपाकघरातली फडकी आठवड्यातून एकदा 60 अंशांवर टाका. त्याने कपडे स्वच्छ होतात आणि मशीनलाही आपोआप आठवड्याचं गरम पाणी मिळतं. दिवाळीत अभ्यंगाचं तेल-उटणं लागलेले टॉवेल आधी बादलीत साबणाच्या गरम पाण्यात भिजवून, उटण्याचा गाळ झटकून मगच मशीनमध्ये. रंग जाणारे कपडे, रेशीम, लोकर यांना हा गरम पाण्याचा नियम अर्थातच नाही. कपड्यावरची चिठ्ठी वाचावी.

धुणं संपलं की लगेच काढा. रात्री लावून सकाळी काढायची सवय असेल तर उशिराने सुरू करायची सोय वापरा, म्हणजे ते सकाळी उठण्याच्या सुमारास संपेल. कपडे काढल्यावर कोरड्या फडक्याने रबराची घडी आणि काच पुसा, ट्रे दोन बोटं बाहेर ओढून ठेवा आणि दार किलकिलं ठेवा. हे फडकं मशीनजवळच अडकवलेलं असू द्या, शोधावं लागलं तर पुसलं जात नाही.

दार उघडं ठेवण्याबद्दल एक इशारा, आणि तो गांभीर्याने घ्या. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर उघडा ड्रम धोकादायक आहे. मूल आत शिरून दार बंद झालं तर आत हवा राहत नाही. बटणांचा चाइल्ड लॉक यापासून वाचवतोच असं नाही. अशा घरात दार फक्त बोटभर उघडं राहील असा बाहेरून लावायचा पट्टा बसवा, किंवा घडी अगदी कोरडी पुसून दार लावा आणि मूल झोपल्यावर ते उघडा. कपडे टाकण्याआधी आत हात फिरवून पाहण्याची सवयही ठेवा, मांजरं तिथे ऊब शोधत जातात.

पावसाळ्यात हे सगळं जरा जास्त जोमाने करावं लागतं. विदर्भात मे महिन्यात दार लावून ठेवलं तरी मशीन सुकेल. कोकणात जुलैमध्ये उघडं ठेवूनही दिवसभर ओलसर राहतं. तिथे गरम चक्र पंधरा दिवसांनी करा. कपडे पिळण्याचा वेग कपड्याला सोसेल तितका वाढवा, कपड्यांत कमी पाणी राहिलं तर ते लवकर वाळतील. घरात वाळत घालताना दोन कपड्यांमध्ये हाताचं अंतर, वर पंखा आणि एक खिडकी उघडी. एसी असेल तर त्याचा ड्राय मोड हवेतली ओल खेचून घेतो. दोरीवर एकावर एक घातलेली जीन्स दोन दिवस ओली राहते, आणि मशीन कितीही स्वच्छ असलं तरी तिला वास येणारच.

वास मुरलेल्या जुन्या टॉवेलांसाठी: बादलीत हाताला सोसेल त्याहून थोडं गरम पाणी, त्यात दोन-तीन मोठे चमचे परकार्बोनेट, टॉवेल तीन-चार तास बुडवून ठेवा आणि मग कम्फर्ट न घालता 60 अंशांवर धुवा. मशीन साफ होण्याआधी हे करू नका, परत त्याच पाण्यातून जातील.

गणपतीला गावी जाताना मशीन तसंच बंद करून जाऊ नका. आदल्या दिवशीचं शेवटचं धुणं गरम पाण्यात करा, फिल्टरमधून उरलेलं पाणी काढा, नळ आणि प्लग बंद, दार आणि ट्रे उघडे, आणि बाल्कनीतल्या जाळीत निघताना एक तांब्या पाणी. परत आल्यावर कपडे टाकण्याआधी एक रिकामं गरम चक्र फिरवा.

एवढं करूनही दोन आठवड्यांत वास परतला तर थर टबाच्या मागच्या बाजूला, स्पायडरवर जाड झालेला असतो आणि तो पाण्याने निघत नाही. तंत्रज्ञाला बोलवा, पण नुसती सर्व्हिस करा असं सांगू नका. ड्रम उघडून टब आणि स्पायडर धुऊन द्याल का, असं स्पष्ट विचारा. काही मशीनचा टब दोन भागांत स्क्रूने जोडलेला असतो, तो उघडतो. काहींचा कारखान्यातच सांधून बंद केलेला असतो, तिथे हे काम होत नाही. उघडलाच तर स्पायडर तुमच्या समोर पाहून घ्या. साबणाच्या किटणाखाली ॲल्युमिनियम पोखरलं जातं. त्याला खड्डे किंवा चीर दिसली तर तो बदलल्याशिवाय मशीन जोडू देऊ नका, वेगात फिरताना तो तुटला तर ड्रम टबाला फोडतो. पिळताना आधीपासूनच धडधड वाढली असेल किंवा हाताने हलवल्यावर ड्रम सैल लागत असेल तर वासाची वाट न पाहता आधी हीच तपासणी करून घ्या.